केसभर चढ्या तारा

१

वहिनींच्या लेकीला मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी जाऊन नऊ दिवस राहिल्या आणि शनिवारी दुपारी परत आल्या. हातातली पिशवी अजून खाली टेकली नव्हती, तेवढ्यात दुकानातून बेसचा एक सूर आला आणि त्यांचा पाय उंबऱ्यातच थबकला. सूर ओळखीचा होता, पण आवाज ओळखीचा नव्हता.

दुकान तसं लहानच. पुढे लांबट खोली आणि तिच्या दोन्ही भिंतींवर टांगलेल्या बेस गिटारी. बेस म्हणजे चार जाड तारांची, विजेवर वाजणारी गिटार. गाणं चालू असताना तिच्याकडे कुणी बघत नाही, पण ती थांबली की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. दोघे भाऊ जुन्या बेस विकत घेत, दुरुस्त करत, हव्या तशा बदलून पुन्हा विकत. पुढच्या खोलीमागे कामाची खोली होती आणि तिच्यामागे, एका पडद्याआड, थोरल्यांची खाट.

थोरले म्हणजे वहिनींचे यजमान. पिकअप बनवावा तर त्यांनी. पिकअप म्हणजे तारांखाली बसणारी चुंबकाची पट्टी आणि तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. बेसचा आवाज असतो तो तिथे. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने थोरल्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही अर्धं झालं. तेव्हापासून वेढे वहिनी घालत आणि गिऱ्हाईक धाकटे भाऊजी बघत. सगळी गल्ली त्यांचं ऐकून यांना वहिनी म्हणे.

दुकानात तिघं जण होते. मांडीवर बेस घेऊन बसलेली पोरगी म्हणजे ड्रमवाल्याची मुलगी. तिचे वडील ज्या बँडमध्ये ड्रम वाजवत, त्याच बँडमध्ये ही बेस एकतीस वर्षं वाजली होती. वडील गेल्यावर तिला ती हवी होती. बेसचे मालक लंबूकाका शेजारी वाकून उभे होते. बोटं आखडली म्हणून त्यांनी ती विकायला काढली होती.

"काका, हा तो आवाज नाही," पोरगी म्हणाली. "बाबांच्या टेपमध्ये हा कसा घंटेसारखा मोकळा आहे. इथे जाड येतोय. घोंगडीत गुंडाळल्यासारखा."

लंबूकाकांनी बेस घेतली, तीन सूर वाजवले आणि भाऊजींकडे बघितलं.

"धाकट्या, आतला पिकअप कुठे गेला?"

भाऊजींनी हसत हसत पुढच्या प्लेटचे स्क्रू काढले, पण प्लेट उचलल्यावर हसू मावळलं. आतलं तांबं कोरं करकरीत होतं. बेस दुकानात आली त्या दिवशी वहिनींनी मीटर लावून चिठ्ठीवर आकडा लिहिला होता: सहा पूर्णांक आठ. आता मीटर आठ पूर्णांक एक दाखवत होतं. आकडा चढला म्हणजे वेढे जास्त. म्हणजे पिकअप दुसरा.

"थोरल्याच्या हातचा होता तो," लंबूकाका म्हणाले. "लांबून लांबून माणसं विचारत यायची. कुणाला विकलास?"

भाऊजींनी कमरेची किल्ली सोडून काउंटरवर ठेवली.

"मोठ्या शहरातल्या दुकानातून मला कधीचं बोलावणं आहे," ते वहिनींना म्हणाले. "दादासाठी थांबलो होतो. पण जिथे मला चोर म्हटलं तिथलं शटर मी आता उघडणार नाही."

भाऊजी गेले की दुकान गेलं, आणि थोरल्यांचा एकुलता एक भाऊही गेला. वहिनींनी किल्लीवर हात ठेवला.

"उद्या संध्याकाळपर्यंत कुणी कुठे जायचं नाही. तोवर मी बघते. आणि यातलं एक अक्षर यांच्या कानावर जाता कामा नये. मनाला धक्का चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय, माहीत आहे ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दुकानात तीन वर्षं सगळे हळू आवाजातच बोलत आले होते.

२

सगळे गेल्यावर वहिनी बेस घेऊन कामाच्या खोलीत बसायला गेल्या, तर बसायला स्टूलच नव्हतं. बघितलं तर ते यंत्राच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला सरकवलेलं. केर काढताना भाऊजींनी ढकललं असेल, असं म्हणून त्यांनी ते जागेवर ओढून घेतलं.

वेढे घालायचं यंत्र थोरल्यांनी शिलाई मशीनच्या मोटारीचं बनवलं होतं. पायाने बटण दाबलं की मोटार फिरते, वेढे मोजणारा काटा पुढे सरकतो, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत तार धरून ती सारखी पसरायची.

आधी त्यांनी सूर तपासला. बेसच्या डोक्याला चिमट्यासारखं अडकणारं छोटं यंत्र असतं, ते सूर खरा की खोटा सांगतं. पहिली तार केसभर चढी निघाली. दुसरी तेवढीच चढी. तिसरी, चौथी, सगळ्या सारख्याच. वहिनी विचारात पडल्या. पडून राहिलेल्या बेसच्या तारा सैल पडतात, त्या चढत नाहीत. आणि चारही तारा एकमेकींशी इतक्या जुळलेल्या होत्या की त्या लावणाऱ्याचा कान पक्का असणार. फक्त त्याने हे यंत्र वापरलं नव्हतं.

मग त्यांनी पिकअप हातात घेतला. त्याच्या वायरवरच्या कापडी वेष्टणावर बारीक खड्डे होते, दोन वर आणि दोन खाली. भिंगातून बघितलं. दात. कुणीतरी वायर दातांत धरून सोल्डरिंगचा डाग दिला होता.

वेढ्यांवर पांढरा सुती दोरा गुंडाळलेला होता. हे काम वहिनींचं. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही असं म्हटलं तरी चालेल. थोरले वेढे घालायचे, त्या दोरा गुंडाळायच्या आणि शेवटी दुहेरी गाठ मारायच्या. अक्षरं त्या लेकीच्या वहीतून पुढे कितीतरी वर्षांनी शिकल्या, पण ती गाठ हीच तोवर त्यांची सही होती. इथे दोरा त्यांच्याच रिळाचा होता. शेवट मात्र मेणाचा थेंब टाकून चिकटवलेला. गाठ नव्हतीच.

वहिनींनी पिकअप खाली ठेवला. चोराला जुना पिकअप पळवायचा असता, तर त्याने त्या जागी कुठलाही पडीक पिकअप बसवला असता. याने तसं केलं नव्हतं. याच यंत्रावर बसून, त्यांच्याच दोऱ्याने, दहा हजार वेढे घालून त्याने नवा बनवला होता.

एवढे कष्ट घेणारा चोर त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

३

रविवारी सकाळी भाऊजी सामान आवरायला आले. वहिनींनी आधी चहा पुढे केला.

"बेस सुरात कुणी लावली?"

"मी तिला हातसुद्धा लावला नाही, वहिनी. आणि मी लावली असती तर चिमटा लावूनच. माझ्या कानांबद्दल दादा काय म्हणायचा, आठवतं ना? हे चष्मा अडकवायला दिलेत."

"दुपारी दुकान कोण बघायचं?"

"एक ते चार शटर बंद. मी जेवायला घरी. आत फक्त दादा झोपलेला. पाणी, औषध उशाशी ठेवून जायचो." त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्हीसुद्धा मलाच विचारताय."

"मी सगळ्यांनाच विचारतेय," वहिनी म्हणाल्या.

नंतर रंगारी आला. बेसच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाने पडलेला ओरखडा भरायचं काम त्याच्याकडे होतं.

"पुढची प्लेट मी उघडली नाही, वहिनी. माझं काम मागच्या बाजूला. थोरल्यांना रंगाच्या वासाने खोकला नको, म्हणून बेस अंगणात नेऊन केलं. सूर-बिर मला विचारू नका. बायको म्हणते, मी शिट्टी वाजवली की दूधसुद्धा नासतं."

"दुसरं काही दिसलं? काही ऐकलं?"

रंगाऱ्याने मान खाजवली. "सांगू की नको? बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास रंग वाळला का बघायला आलो होतो. शटर बंद. पण आतून तुमच्या त्या यंत्राची घरघर येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. म्हटलं धाकटे कामात आहेत, कशाला हाक मारा."

दाराशी खोका बांधत बसलेल्या भाऊजींनी ते ऐकलं. त्यांचा हात दोरीवरच राहिला.

"बुधवारी दुपारी मी इथे नव्हतो," ते म्हणाले.

रंगाऱ्याने एकदा भाऊजींकडे बघितलं, एकदा वहिनींकडे, आणि डबा उचलून तो वाटेला लागला.

४

वहिनी तशाच उठून जाऊबाईंकडे गेल्या. जाऊबाईंचे डोळे रडून लाल झालेले. त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्याचा कागद पुढे केला. बुधवारी दुपारी एक ते साडेतीन भाऊजी आपल्या सासूबाईंना घेऊन तिथे बसले होते. डोळ्यांत थेंब घातले म्हणून दोन तास हाताला धरून बसावं लागलं होतं.

"तुम्हाला खरं वाटत नव्हतं?" जाऊबाईंनी विचारलं.

"मला वाटत होतं," वहिनी म्हणाल्या. "लंबूकाकांना वाटायला कागद लागेल."

तिथून त्या लंबूकाकांकडे गेल्या. एक खोली, एक खाट, आणि जुना ॲम्प्लिफायर, ज्यावर आता वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. वहिनींनी कागद दाखवला. काकांनी तो दोनदा वाचला आणि ते खाटेवर बसले.

"मग मी उगाच बोललो त्याला."

"ते तुम्ही त्यालाच सांगा. मला वेगळं विचारायचंय. बँड होता तेव्हा तुम्ही तारा कशा लावायचात? तेव्हा ही यंत्रं नव्हती."

लंबूकाकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी गठ्ठा उतरवला आणि ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं. खोलीत एक बारीक गुणगुण भरली, वीज आपल्याशीच बोलत असावी तशी.

"ही ऐका. जाड तार दांडीवरच्या तिसऱ्या पडद्याशी दाबायची आणि या गुणगुणीशी जुळवायची. मग बाकीच्या तारा तिच्यावरून. पण विजेचा सूर खऱ्या सुराहून थोडा चढा असतो. त्यामुळे आमचा आख्खा बँड केसभर चढा. गाणारी बाई आयुष्यभर कुरकुरत राहिली, की तुमच्यापायी माझा गळा बसतो." ते हसले. "रात्रभर वाजवायचो. सकाळी ड्रमवाला स्टेजवरच झोपलेला असायचा, डोक्याखाली ड्रम."

वहिनींनी त्यांना हसू दिलं. मग म्हणाल्या, "काका, तुमच्या बेसच्या चारही तारा अगदी तेवढ्याच चढ्या आहेत."

गुणगुण चालू होती. काका गंभीर झाले.

"म्हणजे मी लावल्या, असं म्हणायचंय? या बोटांनी खुंटी पिळवत असती तर मी बेस विकली असती का?"

"वायरीवर दातांच्या खुणाही आहेत."

लंबूकाकांनी खिडकीकडे बोट केलं. तिथे पाण्याच्या पेल्यात त्यांची कवळी होती. "जेवतानाच लावतो. वायर चावायला नाही."

वहिनींना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "या गुणगुणीवर तारा लावणारी माणसं किती उरली आहेत?"

"गाणारी बाई गेली. ड्रमवाला गेला. तो तसाही तारा लावायचा नाही. उरलो मी, आणि ज्याने मला हे शिकवलं तो..."

काकांनी ॲम्प्लिफायर बंद केला.

५

परतताना वहिनींना रस्ता दिसत नव्हता. दिसत होतं ते स्टूल.

भिंतीच्या बाजूने बसलं की यंत्राची तार डाव्या हाताशी येते. ज्याला उजवा हात नाही, तोच तिकडून बसेल. गाठ मारायला दोन हात लागतात. एकाच हाताचा माणूस दोऱ्यावर मेण टाकेल. एका हातात सोल्डरिंग गन धरली की वायर दातांतच धरावी लागेल. आणि शटर बंद असताना आत कोण होतं, ते भाऊजींनी स्वतःच सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ कुणाच्याही डोक्यात आला नव्हता.

सगळ्यांना विचारलं होतं, एकाला सोडून. तीन वर्षं त्या माणसाला कुणी काही विचारलंच नव्हतं. जेवलात का, औषध घेतलं का, एवढंच.

थोरले जागे होते. उशाशी एक गोल पत्र्याचा डबा असे. त्यात लेकीच्या जन्माच्या वेळची, दवाखान्यात हाताला बांधलेली पट्टी त्यांनी जपून ठेवली होती. वहिनींनी डबा उघडला. पट्टीच्या शेजारी, रुमालात गुंडाळलेला, जुना पिकअप होता. शेवटी त्यांची दुहेरी गाठ.

"अहो," त्या खाटेवर बसल्या, "हे का केलंत?"

थोरल्यांना एकेक शब्द शोधून आणावा लागे.

"कमी... होते. दीड हजार."

"काय कमी होते?"

"वेढे. त्या दिवशी... निरोप आला." त्यांनी डाव्या हाताने डब्यातली पट्टी दाखवली. "ही झाली. यंत्र... सोडून पळालो. परत आलो... वाटलं, झालेत."

वहिनींना तो दिवस लख्ख आठवला. हे दवाखान्यात धापा टाकत आले होते आणि बाहीला तांब्याचा एक बारीक तंतू अडकलेला होता. बाळाला टोचेल म्हणून त्यांनीच तो ओढून काढला होता. हे घरी येऊन तसेच यंत्राशी बसले असतील, आनंदात काट्याकडे बघायचं विसरले असतील, आणि पुढे दोरा गुंडाळायला तो पिकअप तसाच वहिनींपुढे आला असेल.

"नंतर... कळलं. सांगितलं नाही. आता... माझ्या नावाने विकायचा." थोरल्यांनी डावा हात वर केला. दोन बोटांवर तारेच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. "अर्धं काम... कसं द्यायचं? पूर्ण केलं. पाच दुपारी."

एवढं बोलून ते दमले, पण चेहऱ्यावर समाधान होतं. वहिनी मात्र जुना पिकअप हातात घेऊन बसल्या. त्याच उणेपणामुळे तो आवाज घंटेसारखा झाला होता आणि सारे त्याच आवाजासाठी येत होते. हे सांगावं तर यांच्या पाच दुपारी मातीत जाणार. न सांगावं तर भाऊजी संध्याकाळी निघणार.

६

संध्याकाळी सगळे जमले. वहिनींनी त्यांना दुकानात बसवलं नाही. पडदा बाजूला केला आणि थोरल्यांच्या खोलीत नेलं. मग स्टूल, तारा, दात, मेण आणि लेक झाली त्या दिवशी राहून गेलेले दीड हजार वेढे, एकेक करून त्यांनी सगळं सांगितलं. आवाज मुद्दाम नेहमीचा ठेवला.

थोरल्यांनी पहिल्यांदा ऐकलं की पिकअपवरून भाऊ दुकान सोडणार होता. ते भाऊजींकडे बघत राहिले.

"मला... का नाही विचारलं?"

भाऊजी खाटेच्या कडेला बसले.

"चुकलं, दादा."

वहिनींनी जुना पिकअप परत बसवला. ड्रमवाल्याची मुलगी खुर्चीवर बसली. लंबूकाकांनी ॲम्प्लिफायर लावला, गुणगुण सुरू झाली आणि तिने वडिलांच्या टेपमधला पहिला तुकडा वाजवला. तो मोकळा आवाज खोलीभर झाला. लंबूकाका खिडकीबाहेर बघायला लागले.

थोरल्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "कमी आहेत."

"कमी आहेत ते कळलं रे," लंबूकाका तिकडेच बघत म्हणाले. "एकतीस वर्षं मी त्या कमीवर पोट भरलं. लोकांना सांगत आलो, थोरल्याच्या हाताची जादू आहे. तुला मुलगी झाली म्हणून आवाज चांगला आला, हे आता कुणाकुणाला जाऊन सांगू?"

पोरगीने बेसवरचा हात काढला नाही. "उस्ताद, मला हाच हवाय. बाबा याच्याच मागे वाजवत होते. तुम्ही तो पुरा केलात, तर त्यांचं वाजवणं मला कशाशी जुळवता येईल?"

थोरल्यांनी तिच्याकडे बघितलं. मग वहिनींकडे, मग पत्र्याच्या डब्याकडे. अर्ध्या तोंडाने ते हसले.

"राहू दे," ते म्हणाले. "तेवढेच... राहू दे."

"आणि हा नवा?" वहिनींनी डाव्या हाताचा पिकअप पुढे केला. "हा मी कुणाला देणार नाही. हा आपल्या दुकानातल्या बेसला बसणार. फक्त गाठ मी मारते."

लंबूकाका भाऊजींसमोर येऊन उभे राहिले. उंच माणूस, माफी मागायला फार वाकावं लागलं. भाऊजींनी त्यांना वाकू दिलं, पण पुरतं नाही. मग ते पुढच्या खोलीत गेले. काउंटरवरची किल्ली उचलल्याचा आवाज आला. येताना ते कामाच्या खोलीत थांबले आणि फरशीवर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "हे स्टूल उद्यापासून भिंतीकडेच राहील. कुणी हलवायचं नाही."

त्यानंतर थोरल्यांनी डाव्या हाताने सतरा पिकअप बनवले. प्रत्येकाच्या दोऱ्याला शेवटी वहिनींची गाठ होती. नातीचा पहिला वाढदिवस झाल्यावर नवव्या दिवशी, बुधवारी सकाळी सव्वासात वाजता, थोरले घरीच वारले. लंबूकाका पुढच्या वर्षी गेले.